घोगरा

मराठीत आवाजाला विशेषणे भरपूर. किनरा, चिरका, भसाडा, खणखणीत. घसा बिघडला की आपण 'आवाज बसला' म्हणतो, 'घोगरा झाला' असेही म्हणतो. पण दोन्ही एक नव्हेत. बसलेला आवाज मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी चार दिवसांत सुटतो. घोगरा मात्र मुक्कामालाच येतो. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज घोगरा झाला की घरात कौतुक होते. बाईचा असला की लोक वळून पाहतात.

माझ्या आईचा आवाज घोगरा आहे. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत तिने वीस वर्षे तंबाखू चाळली. चाळण हलली की खकाणा उडतो. तोंडाला पदर बांधला तरी नाकाघशात जायचा तो जातोच.

गेल्या वर्षी आई मला बेळगावला वसतिगृहात सोडायला आली. फी भरताना ती बोलली आणि रांगेतल्या दोघी फिदीफिदी हसल्या. माझ्या खोलीतली मैत्रीण धारवाडची, कानडी बोलणारी. तिने तुटक मराठीत काळजीने विचारले, "आईला बरं नाही काय?" मी म्हणाले, "सर्दी झालीय. आवाज बसलाय." आईने ऐकले. बोलली काहीच नाही.

दिवाळीनंतर एका रात्री मैत्रिणीने गंगूबाई हनगल यांचे गाणे लावले. तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा आवाज बारीक, गोड आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो पुरुषी वाटावा इतका जाड झाला. त्याच आवाजात त्या पुढे कित्येक दशके किराणा घराण्याची गायकी गायल्या. २००२ साली पद्मविभूषण झाल्या. मैत्रीण म्हणाली, "असल्या आवाजाला आम्ही 'गोग्गर' म्हणतो." गोग्गर! ऐकायला आमच्या घोगऱ्याचे सख्खे भावंडच. सीमेचा वाद इतकी वर्षे चालला, पण हे दोन शब्द आपले शेजारी नांदत आहेत.

गाणे रंगले. आम्ही दोघी माना डोलवत होतो. मला मात्र फीच्या खिडकीपाशी खाली गेलेली माझी मान आठवत होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. "जेवलीस का गं?" आवाज खोलीभर ऐकू आला. मैत्रिणीने विचारले, "अजून सर्दी आहे?"

मी फोन कानाचा न काढताच म्हणाले, "नाही गं. आईचा आवाज बसला नव्हताच. तो घोगरा आहे."

पलीकडे आई क्षणभर थांबली. मग हसली, तिच्या त्याच आवाजात.