चंद्रशेखरचा चंदू

बारशाला आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते : चंद्रशेखर. जमलेल्या बायका नावाचे कौतुक करतात, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी या चंद्रशेखराला आजी ‘ए ठोंब्या’ म्हणत उचलून घेते. वर्षभरात त्याचा चंदू होतो, शाळेच्या मैदानावर चंद्या, कॉलेजात शेखर आणि ऑफिसात नुसते आडनाव. अख्खा चंद्रशेखर भेटतो तो दहावीच्या गुणपत्रिकेवर, लग्नपत्रिकेत आणि वडील भडकले की.

याचे खापर नावाच्या लांबीवर फोडायची पद्धत आहे. म्हणून हल्लीचे आईबाप दोन-तीन अक्षरांची नावे हुडकतात. तरी त्यांच्या घरातला आर्य ‘बबड्या’ होतो आणि ईरा ‘पिल्लू’. राम या नावात कापण्यासारखे काय आहे? तरी गावोगावी रामू, राम्या आणि रामभाऊ सापडतात, आणि तिन्ही मूळ नावापेक्षा लांबच आहेत.

एक कारण जुन्या एकत्र कुटुंबात शोधावे लागते. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे आणि सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, हे दोन्ही रिवाज एकाच छपराखाली नांदत होते. आता त्या बाईने स्वतःच्या मुलाला हाक मारायची तरी कशी? बाळ, बाबा, भाऊ, नाना, अण्णा, तात्या ही बिनधोक नावे तिथे उपयोगी पडली. आजोबांचे नाव मुंजीच्या संकल्पात आणि दप्तरात सुरक्षित राहिले, स्वयंपाकघरात नाना वाढला.

कधी कधी हे घरातले नाव दप्तरावरही मात करते. टिळकांचे जन्मनाव केशव, पण घरात त्यांना बाळ म्हणत आणि जगाला माहीत झाले ते बाळ गंगाधरच. पेशवाईचा कारभार सांभाळणारे बाळाजी जनार्दन भानू इतिहासात नाना फडणवीस म्हणून उभे आहेत. सत्तावन्नच्या उठावातले रामचंद्र पांडुरंग कोण, असे विचारले तर वर्गातले चार हात वर होतील की नाही शंका आहे. तात्या टोपे म्हटले की सगळे होतील.

हाकेच्या नावाची वाढ इथे थांबत नाही. माणूस मोठा झाला की ते गळून पडायला हवे, पण मराठी माणूस त्याला ‘साहेब’ जोडतो आणि तोच मान होतो. धुंडिराज गोविंद फाळके दादासाहेब झाले, शिरवाडकर तात्यासाहेब झाले, भीमराव आंबेडकर तर कोट्यवधींचे बाबासाहेब. शिरवाडकरांचे प्रकरण आणखी गमतीचे : जन्मनाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णू वामन, कवितेखाली कुसुमाग्रज आणि घरीदारी तात्यासाहेब. एकाच माणसाची चार नावे, आणि कोणी गोंधळले असे काही ऐकिवात नाही.

क्रिकेटमध्येही हेच. जानेवारी १९६४मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकणाऱ्या गोलंदाजाचे नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. धावफलकावर ‘आर. जी.’ आणि रसिकांच्या तोंडी मात्र बापू. त्या डावात ३२ षटकांत अवघ्या ५ धावा देणाऱ्याला ‘रमेशचंद्र’ म्हणून ओळखणारा चाहता सापडणे कठीण.

लेखकांनी तिसरीच वाट काढली. पुरुषोत्तम लक्ष्मण छापून आले तेव्हा पु. ल. उरले, गुरुनाथ आबाजी जी. ए. झाले, आणि माडगूळकरांच्या तर आद्याक्षरांचाच शब्द बनला : गदिमा. तरी घरात पु. ल. ‘भाई’च होते.

मुलींच्या वाट्याला याहून वेगळा हिशेब आला. तांबे घराण्यातली मणिकर्णिका बिठूरला मनू म्हणून वाढली आणि झाशीला लग्न होऊन गेल्यावर लक्ष्मीबाई झाली. मनू हे नाव प्रेमाने आले होते, लक्ष्मीबाई हे सासरच्या रिवाजाने. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहायची पद्धत पुढेही कितीतरी घरांत चालली. लांब नाव आखूड करण्याला गंमत म्हणता येते. धडधाकट नाव पुसून दुसरे ठेवण्याला तसे म्हणवत नाही. अशा किती जणींना माहेरच्या हाकेनेच आपले पहिले नाव टिकवून दिले!

कागदावरचे नाव तर आता आणखी वाढले आहे. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरवला. निर्णय चांगलाच आहे. बाळाला हाक मारताना त्यातले एकही अक्षर जड होणार नाही, कारण हाक ‘सोन्या’चीच असणार.

तेव्हा चंद्रशेखर, मृण्मयी, अनिरुद्ध, जे आवडेल ते खुशाल ठेवा. चंदू होईल याची धास्ती नको, तो होणारच. फक्त जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग एकच राहील एवढे पाहा. ‘शेखर’मधला एखादा एच इकडचा तिकडे झाला, तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राच्या खेपा चंदूला घालाव्या लागतील.