मशीद गेली, नाव उरले
मुंबई बंदरातून १९१४ साली अनेक हिंदी सैनिक इंग्रजांसाठी लढायला फ्रान्सला गेले. जर्मनांच्या हाती सापडलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बर्लिनच्या दक्षिणेला, सुमारे ४० किलोमीटरवरच्या व्युन्सडॉर्फ गावी ठेवले होते. मुस्लिम कैद्यांनी इंग्रजांविरुद्ध उठावे म्हणून जर्मनांनी १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीद बांधली. नमाजसाठी बांधलेली जर्मनीतील ती पहिली मशीद. बांधणाऱ्यांचा हेतू राजकीय होता. सजदे मात्र खरे होते. युद्धानंतर काही वर्षांत ती पाडली गेली. आज ‘मोशेश्ट्रासे’, म्हणजे मशीद रस्ता, एवढे नाव उरले आहे. जवळच झेहरेन्सडॉर्फच्या कब्रस्तानात २०६ हिंदी सैनिक विसावले आहेत. मुस्लिम, हिंदू, शीख सगळे शेजारी. बर्लिनला गेलात तर अर्धा दिवस काढा आणि या परदेशी मातीत झोपलेल्यांसाठी हात उचलून दुआ करा.