गाडीखालचं पाणी

गाडीत पाणी येतंय म्हणून कुणी आलं की मी आधी बॉनेट उघडत नाही. डावीकडचं पुढचं दार उघडून खाली बसतो, रबरी मॅट काढतो आणि कार्पेटवर तळहात दाबून धरतो. वरून कोरडं वाटणारं कार्पेट दाबलं की खालच्या स्पंजातलं पाणी बोटांच्या फटींतून वर येतं. ते बोटांवर चोळायचं, नाकाशी न्यायचं. चिकट लागलं, गोडसर वास आला, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसत असेल, तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय. मातकट असेल तर बहुधा पावसाचं. स्वच्छ, गार, बिनवासाचं असेल तर एसीचं.

गेल्या पावसाळ्यात यावलजवळच्या गावातले एक केळी बागायतदार आले होते. म्हणाले, ‘‘भो, काच दोनदा चिटकवली. तरी पानी येतेच.’’

मी विचारलं, ‘‘काका, पाऊस नसताना येतं का?’’

ते थांबले. आदल्या दिवशी भुसावळहून येताना थेंबभर पाऊस नव्हता, तरी शेजारी बसलेल्या आईचे पाय भिजले होते. काच चिकटवणाऱ्याने हा एक प्रश्न विचारला असता तर त्यांचे दोन हेलपाटे वाचले असते. खात्रीसाठी मी एसी बंद ठेवून काचेवर नळी धरली. आत काही आलं नाही. मग ब्लोअर पूर्ण सोडून एसी वीस मिनिटं चालू ठेवला आणि गाडीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी ठणठणीत होती. जुलैच्या दमट दुपारी एसी चालू असलेल्या गाडीखाली थेंब पडायलाच हवेत. लोक ते थेंब पाहून घाबरून माझ्याकडे येतात. मला काळजी वाटते ते न दिसले की.

एसी पाणी आणतो कुठून, हे आमच्याकडे कूलरवरून लगेच समजतं. खानदेशात घराघरांत कूलर आहे. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो टाकीतलं पाणी हवेला पाजतो आणि गारवा देतो. पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, कारण हवेची तहान आधीच भागलेली असते. एसीचं उलट आहे. डॅशबोर्डच्या मागे ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची कूलिंग कॉइल असते. तिच्यावरून हवा गेली की हवेतलं पाणी पात्यांवर जमतं, जसं गार तांब्याला बाहेरून घाम येतो. ते खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि बोटभर जाडीच्या रबरी पाइपने पत्र्यातून बाहेर पडतं. विलिस कॅरिअरने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी ही यंत्रणा आखली, ती मुळात हवेतला दमटपणा ताब्यात ठेवायला. दमटपणाने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसत नसत. पाणी काढणं हे एसीचं पहिलं काम आहे, गारवा त्याच्यासोबत आला.

मग एक कोडं उरतं. मेमध्ये एसी दिवसभर चालतो, तेव्हा तक्रार नसते. जूनअखेर एसी कमी लागतो आणि गाड्यांची रांग लागते. मी एकदा हिशेब मांडून पाहिला. मेच्या दुपारी ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत साधारण ९ ग्रॅम पाणी असतं. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के धरा, तेवढ्याच हवेत २३ ग्रॅम होतं. कॉइलवरून पाच-सहा अंशांपर्यंत गार होऊन निघालेल्या हवेत जेमतेम सात ग्रॅम राहतं. म्हणजे मेमध्ये दोन ग्रॅम गळतं आणि जुलैत सोळा.

आणि त्या दोन ग्रॅमच्या महिन्यांतच पाइप अडवणारी घाण साचत असते. केळीच्या बागांकडे जाणारे रस्ते काळ्या मातीचे. उन्हाळ्यात त्यांची पिठासारखी धूळ होते. गाडी कडुनिंबाखाली लावलेली, वायपरखालच्या जाळीतून पाला आत जातो. एसी फिल्टर कुणी तरी काढून टाकलेला असतो, ‘‘हवा कमी येते’’ म्हणून. ही धूळ ओलसर कॉइलवर बसत राहते आणि आषाढात पाणी वाढलं की एकदम धुऊन ट्रेमध्ये येते. काळ्या मातीचा चिखल कसा चिकटतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. कधी बाहेरच्या बाजूने कुंभारमाशीने पाइपच्या तोंडाशी घर बांधलेलं असतं.

काकांना मी पाइपचा वाकडा कोपरा दाखवला. त्यांनी लगेच ओळखलं. ‘‘आमच्या ठिबकसारखंच हाये हे. नयी चोक झाली.’’ पुढे म्हणाले, ‘‘मंग ॲसिड सोडा ना. ठिबकले आमी सोडतोच.’’

मी घाईघाईने नाही म्हटलं. ठिबकची नळी प्लास्टिकची असते, इथे वर ॲल्युमिनियमची कॉइल आहे. ॲसिडची वाफही तिला खाईल. पण ठिबकचं दुसरं तंत्र इथे चालतं: नळीचं टोक उघडून फ्लश करणं.

ॲसिडसारखीच तारही नकोच. शिकाऊ असताना मी अशाच पाइपमध्ये खालून ताठ तार घातली होती. अडलं म्हणून जोर केला आणि फुस्स आवाज आला. तार कॉइलला लागली होती. सगळा गॅस गेला, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागला, नवी कॉइल बसली. उस्तादांनी मला ओरडून काही म्हटलं नाही. डॅशबोर्डचे सगळे स्क्रू मात्र माझ्याकडूनच खोलून घेतले. तेव्हापासून मी गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी वापरतो. ती वळणावर वळते, अडली की स्वतः वाकते. कॉम्प्रेसरची हवाही फार जपून. जोरात हवा मारली की चिखल उलटा वर कॉइलमध्ये जातो किंवा पाइप आतून निसटतो, आणि मग बाहेर जाणारं पाणी कायमचं आत उतरतं.

दोरी फिरवत राहिलो. आधी दोन थेंब, मग चहासारखं काळं पाणी, मग चिखलाची गोळी, आणि मागोमाग धार. काका उकिडवे बसून पाहत होते. वरून ब्लोअरच्या बाजूने थोडं थोडं पाणी सोडत गेलो, खाली स्वच्छ येईपर्यंत. नवा एसी फिल्टर टाकला. ठिकाणाला पोहोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल सुकते आणि कुबट वास धरत नाही, हे सांगितलं.

इथे बरेच जण काम संपवतात. मला ते पटत नाही. कार्पेटखालच्या स्पंजात लिटरभर पाणी तसंच असतं. खालचा पत्रा गंजतो, वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज धरतो, आणि वर्षभराने गाडीत विजेच्या अशा खोड्या सुरू होतात की कुणाला त्या एसीशी जोडताच येत नाहीत. म्हणून सीट काढली, कार्पेट उचललं, पिळलं, गॅरेजच्या पत्र्यावर पसरलं. काकांना गाडी दोन दिवस ठेवायला सांगितली. ते कुरकुरले, मग आईचे पाय आठवून तयार झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगलं ऊन होतं. तीनच्या सुमाराला सातपुड्यावरून काळं आभाळ उतरायला लागलं. मी पोराला हाक मारली आणि दोघं शिडीवर चढलो.