शिष्ट माणसांचे शहर

‘शिष्ट’ हा आपल्या मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. कोशात पाहाल तर अर्थ सापडेल : सभ्य, सुसंस्कृत. पण शेजारच्या काकू कुणाला “भारीच शिष्ट हो!” म्हणतात, तेव्हा त्यात कौतुक नसते, हे काय सांगायला हवे? पॅरिसला जाऊन आलेली आपली माणसे तिथल्या लोकांना शिष्ट म्हणतात, ती या काकूंच्याच अर्थाने. मी त्या शहरात आठ दिवस काढले, आणि माझे मत कोशाच्या बाजूने पडले.

एका सकाळी पावाच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढे एक गृहस्थ सपत्नीक उभे होते. बोलण्यावरून आपल्याच मुलखातले. पाळी येताच त्यांनी काचेआडच्या पावाकडे बोट करून इंग्रजीत सांगितले, “दोन द्या.” बाई जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “बाँजूर, मस्यू.” गृहस्थांनी पुन्हा दोन बोटे दाखविली. बाई पुन्हा म्हणाल्या, “बाँजूर, मस्यू.” अखेर गृहस्थ कसेबसे “बाँजूर” पुटपुटले, आणि काय सांगू, बाईंचा चेहरा एकदम खुलला! पाव मिळाला, सुटे पैसे मिळाले, वर ‘दिवस चांगला जावो’ हेही मिळाले. बाहेर पडताना गृहस्थ पत्नीला म्हणाले, “काय शिष्ट बाई आहे!”

बाँजूर म्हणजे दिवस शुभ असो. संध्याकाळी तेच बाँस्वार होते. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, वाढप्याला काही मागण्याआधी हा शब्द उच्चारायचा. तो गाळून कामाचे बोलणे म्हणजे समोरच्या माणसाला यंत्र समजणे. परक्याला ‘व्हू’ म्हणावे, घरच्याला ‘त्यू’. अहो-अरेच्या मुलखातल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. वाढप्याला ‘गार्सों’, म्हणजे ‘पोरा’, अशी हाक मात्र आता मारू नये.

आणि ‘मस्यू’ म्हणजे मुळात ‘माझे धनी’! राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ च्या सुमारास, हा शब्द हद्दपार झाला. सगळे ‘नागरिक’ झाले, एकमेकांना ‘अरे-तुरे’ करू लागले. ते फार काळ टिकले नाही. मस्यू परत आला. पण आज तो मंत्र्यालाही लागतो आणि रस्ता झाडणाऱ्यालाही. सगळ्यांना अरे म्हणण्यापेक्षा सगळ्यांना धनी म्हणणे त्या लोकांना अधिक मानवले. आता क्रांती हरली म्हणावी की जिंकली?

वर्गात गुरुजी शिरले की मुले उभी राहतात. घंटा देणारे शिपाईमामा सूचनेची वही घेऊन येतात, तेव्हा मात्र कुणी मान वर करीत नाही. पावाच्या दुकानातल्या त्या बाई अशा वेळी मला हटकून आठवतात.

तेव्हा वाचकहो, पॅरिसला जाणार असाल तर एवढा एक शब्द घोकून जा. आणि येताना तो बरोबर घेऊन या. त्याच्यावर जकात पडत नाही.