करकंबला काढलेले चार तास

चैत्यभूमीला निघालेला माणूस करकंबला सहसा उतरत नाही. पंढरपूर सोडले की टेंभुर्णी गाठायची आणि पुढे पुण्याचा रस्ता धरायचा, एवढेच डोक्यात असते. आम्हाला मात्र मागच्या 5 डिसेंबरला करकंबात तब्बल चार तास काढावे लागले. आता वाटते, ते चार तास वाया गेले नाहीत.

आमच्या वस्तीतील अकरा जण एका जुन्या मोठ्या डिझेल गाडीने निघालो होतो. वीस वर्षांची गाडी, मागे समोरासमोर बाकडी, टपावर सामान. सर्वांनी वर्गणी काढलेली, हिशेब माझ्याकडे. हंगाम उसाचा. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, हवेत धूळ आणि पाचट. करकंब आले आणि इंजिनाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. आमच्यातला एक तरुण रेडिएटरचे झाकण उघडायला धावला, तोच शेजारच्या गॅरेजमधून हाक आली, "दादा, हात लावू नका! भाजून निघाल!"

तो मेस्त्री. तिशीतला गडी, कपड्यांना ऑइलचे डाग. त्याने अर्धा तास इंजिन थंड होऊ दिले, मग झाकणावर ओले फडके ठेवून ते हळूहळू फिरवले. रेडिएटरची जाळी धूळ आणि पाचटाने गच्च भरलेली. आत बोअरचे जड पाणी घालत गेल्याने क्षार धरलेले. वरचा रबरी पाइप पट्टीपाशी चिरलेला. "रबर म्हातारं झालं की ताठ होतं अन् तडकतं. कूलंट घाला, साधं बोअरचं पाणी नको," तो म्हणाला. पाइप बदलला, जाळी मागच्या बाजूने पाण्याने धुतली, पंख्याचा पट्टा ताणून घेतला.

आम्ही पैसे द्यायला निघालो, तर हा पठ्ठ्या चाकापाशी वाकलेला. मागच्या डाव्या चाकाच्या आतून ओल दिसत होती. ड्रम उघडला. चाकातला ब्रेकचा सिलेंडर गळत होता, लायनर तेलाने भिजले होते. "असंच खंडाळ्याच्या घाटात उतरला असता, तर ब्रेक दाबून दाबून पाय दुखला असता, गाडी थांबली नसती."

नवा भाग पंढरपूरहून आणायचा, म्हणजे आणखी दोन-अडीच तास. आमच्यात कुरबुर सुरू झाली. "हळू जाऊ, आल्यावर बघू." खरे सांगायचे तर वर्गणीची वही पाहून माझ्याही मनात तेच आले होते. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या आजी म्हणाल्या, "मला बाबासाहेबांच्या दर्शनाला जायचंय. त्यांच्यामागं जायची घाई नाही मला." सगळे गप्प झाले. एक जण मोटारसायकलने पंढरपूरला गेला.

तोवर आम्ही गावात फिरलो. उजनीच्या पाण्याने या भागातले ऊसमळे हिरवे झाले आहेत. पण करकंबची आपल्याला आणखी एक ओळख आहे. डिसेंबर 1937 च्या अखेरीस बाबासाहेब पंढरपूरच्या मातंग परिषदेला आले, त्या प्रवासात ते करकंबलाही थांबले, लोकांशी बोलले. ज्या रस्त्यावरून त्यांची मोटार गेली, त्याच रस्त्याच्या कडेला आम्ही आमची गाडी धक्क्याला लावून बसलो होतो! आजींनी जमिनीला हात लावून नमस्कार केला.

मी कारकून माणूस. हिशेबाच्या वहीत गाडीवर दरवर्षी घसारा लावतो. रस्ताही लावतो, पण तो वहीत दिसत नाही. म्हणून जुन्या गाडीने निघणाऱ्या मंडळांनी काही गोष्टी आधीच पाहाव्यात. रबरी पाइप, पंख्याचा पट्टा, कूलंट. चाकांच्या आतली ओल. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतली ओल शोषते. डिझेल फिल्टर बदलला की हातपंपाने हवा काढावी, नाहीतर गाडी सुरूच होत नाही. पाटे आणि त्यांचे बुश, स्टेपनी, जॅक. आणि आसनांपेक्षा जास्त माणसे भरू नयेत.

निघताना मेस्त्रीने सामानाचे पूर्ण पैसे घेतले, मजुरी मात्र निम्मीच. "उरलेल्याचं तिकडून एक संविधानाचं पुस्तक आणा. पोरगी आठवीत आहे," म्हणाला.

6 तारखेच्या पहाटे आम्ही दादरला पोचलो. घाट उतरताना ब्रेकने प्रत्येक वळणावर साथ दिली. आजींनी रांगेत उभे राहून दर्शन घेतले. पुस्तकांच्या स्टॉलवरून मी संविधान घेतले आणि परतीच्या वाटेवर करकंबला उतरून त्या मुलीच्या हातात दिले. तिने लगेच पहिले पान उघडले आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचायला लागली. बाप हात पुसत ऐकत होता.

वहीत ती रक्कम मी 'गाडी दुरुस्ती' याच खात्याला लिहिली आहे. कोणी हरकत घेतलेली नाही.

जयभीम!