काचेआडच्या तारखा

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात येऊ घातलेले दिवस काचेच्या पेटीत राहतात. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर लाकडी चौकट, आत हिरवी बनात, टाचण्यांनी लावलेले कागद आणि काचेच्या दाराला एक बारीकसे कुलूप. किल्ली सेवकाच्या जुडग्यात. परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ आणि जवळजवळ प्रत्येकाला असे एखादे महाविद्यालय आहे: सेलूचे नूतन, गंगाखेडचे संत जनाबाई, जिंतूरचे ज्ञानोपासक, मानवतचे के. के. एम., पूर्ण्याचे श्री गुरु बुद्धिस्वामी, सोनपेठचे कै. रमेश वरपूडकर. सूचनेचा साचा सगळीकडे एकच. ती ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ इथून निघते आणि ‘उपस्थिती अनिवार्य आहे’ इथे थांबते. या शेवटच्या वाक्यावर सही करणाऱ्याचाही फारसा भरवसा नसतो. हल्ली सूचनेचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पडतो, म्हणून फलकापाशी जाण्याचे कारण उरलेले नाही. तरी मुले तिथे उभी राहतात. मुलींच्या कॉमन रूमचे दार बहुधा समोरच असते.

पेटीतल्या तारखा महाविद्यालय स्वतः ठरवते असे नाही. जयंत्या-पुण्यतिथ्यांची यादी मंत्रालयातून येते, सप्ताह आणि पंधरवडे दिल्लीहून, परीक्षा आणि युवक महोत्सव नांदेडहून. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्याआधी इथल्या पदव्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या होत्या, ते १९५८चे. त्याही आधी परभणीच्या मुलाला विद्यापीठ गाठायचे तर हैदराबादचे उस्मानिया गाठावे लागे. ज्यांच्या नावाने नांदेडचे विद्यापीठ आहे ते रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होते आणि हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मोकळे झाले. म्हणून उर्वरित महाराष्ट्रातली महाविद्यालये वर्षातून तीनदा ध्वज चढवतात, मराठवाड्यातली चारदा. चौथ्या वेळी पाऊस हमखास असतो.

हिवाळी परीक्षा आटोपल्या की पेटी एकदम भरते. जानेवारी हा सर्वांत दाटीचा महिना. ३ तारखेला सावित्रीबाई, १२ला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच टेबलावर, १४ला नामविस्तार दिन. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव १९९४च्या १४ जानेवारीला मिळाले. नामांतराच्या प्रश्नावर या भागात घरे जळाली, माणसे गेली. आज त्या दिवशी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होतो. त्याच दिवशी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा सुरू होतो. २५ला मतदार दिनाची शपथ, २६ला झेंडा. प्रत्येक कार्यक्रमाचे अंग ठरलेले: प्रतिमापूजन, प्रास्ताविक, दोन विद्यार्थ्यांची मनोगते, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय समारोप, आभार. आभार मानणाऱ्या प्राध्यापकाला उरलेला वेळ मिळतो, म्हणून बऱ्याचदा तोच सर्वांत नेमके बोलतो.

कार्यक्रमाची वेळ मात्र कुठल्याच परिपत्रकात नसते. ती एसटी ठरवते. विद्यार्थ्याला पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत प्रवास फुकट, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की तिला पासासाठी प्रथमच पैसे मोजावे लागतात. सकाळची गाडी दहाच्या सुमारास आणते, दुपारची दोन-तीनच्या दरम्यान नेते. पाहुणे लांबले की मागच्या रांगा आधी चुळबुळतात, मग सरळ उठतात. त्यात उद्धटपणा नसतो; पुढची गाडी संध्याकाळी असते. दुसरा न दिसणारा अधिकारी म्हणजे पीक. कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास चढते आणि जानेवारीतही पुरती उरकलेली नसते, त्यातच तुरीची कापणी येते. गंगाखेड-पालमकडच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली काही घरे उसाच्या तोडणीला गेलेली असतात. अशा दिवसांत व्याख्यानाला चाळीस मुले आली तर ती खूप आली असे समजावे. आणि हल्ली तेवढीच पुरतात, कारण नॅकच्या मूल्यमापनासाठी जिओटॅग फोटो लागतो आणि चौकटीत चाळीस मुले दाट दिसतात. फोटोखाली उत्तर अक्षांश १९, पूर्व रेखांश ७६ उमटले की कार्यक्रम झाला.

याच गर्दीत एक कागद वेगळा असतो: राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष निवासी शिबिर. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० स्वयंसेवकांवर सुरू झाली. नियम साधे आहेत. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि एकदा शिबिर. एका एककात साधारण शंभर मुले, त्यातली निम्मी शिबिराला न्यायची. गाव दत्तक घेतलेले असते. शिबिराच्या फलकावर वर्षानुवर्षे ‘युवकांचा ध्यास, ग्राम-शहर विकास’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसते. कागदावर हा शहरी तरुणाने खेडे पाहण्याचा कार्यक्रम आहे. परभणी जिल्ह्यात तो खेड्यातल्या मुलांनी दुसऱ्या खेड्यात जाण्याचा होतो. त्यांना पांदण माहीत असते, हातपंप माहीत असतो, ग्रामपंचायतीचे कुलूपही माहीत असते. मग शिकायला काय उरते? बरेच काही.

मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. मुलांना वर्गखोल्या, मुलींना अंगणवाडी किंवा कुणाचे तरी नवे बांधलेले, अजून वास्तुशांत न झालेले घर. थंडीत परभणीचा पारा राज्याच्या तळाशी जातो हे वर्तमानपत्रात वाचणे वेगळे आणि शहाबादी फरशीवर एका सतरंजीवर निजणे वेगळे. पहाटे शिट्टी, प्रार्थना, योगासने, प्रभातफेरी. आठला श्रमदान. पहिल्या दिवशी गावातला मुख्य रस्ता झाडतात, तेव्हा दारादारांत माणसे उभी राहून पाहतात. घरी ज्याने कधी केरसुणी धरली नाही असा मुलगा इथे सरपंचाच्या अंगणापुढे वाकलेला असतो. ते पाहून त्याच्याच वर्गातल्या मुलींना जे हसू फुटते ते आवरायला कार्यक्रमाधिकाऱ्याला दोनदा ओरडावे लागते. तिसऱ्या दिवसापासून शोषखड्डे आणि बंधारा. वनराई बंधाऱ्याला सिमेंट लागत नाही, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतात. त्यांत माती भरायची, तोंडे शिवायची आणि ओढ्यात विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडून थर रचायचे. ओढ्याला धार असेल तर पाणी संध्याकाळपर्यंत चढू लागते. आजूबाजूच्या विहिरींना ते काही आठवडे आधार देते, आणि पावसाळ्याच्या पहिल्या पुरात गोण्या वाहून जातात. तो कच्चाच बांधायचा असतो. पुढच्या वर्षी पुढची तुकडी पुन्हा गोण्या भरते. सरकारी कामांत इतका प्रामाणिक तात्पुरतेपणा दुर्मिळ आहे.

दुपारी बौद्धिक सत्र. जेवणानंतरच्या वेळी भल्याभल्या वक्त्यांची कसोटी लागते. बँकेचे अधिकारी विम्याची माहिती देतात, सर्पमित्र बरण्या घेऊन येतो, अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता नारळातून जाळ काढून दाखवतो. पेंग घालवण्याची ताकद शेवटच्या दोघांतच. गावकऱ्यांच्या हिशेबाने मात्र सात दिवसांतला खरा कार्यक्रम म्हणजे जनावरांची तपासणी. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाशी जोडलेले. तिथले डॉक्टर येणार असे कळले की माणसांच्या आरोग्य शिबिराला न आलेले सगळे गाव बैल, म्हशी, शेळ्या घेऊन शाळेच्या मैदानात उतरते. गाभण गाय, आटलेली म्हैस, लंगडणारा गोऱ्हा. लस टोचताना दावे धरायला स्वयंसेवक लागतात आणि इथे खेड्यातल्या मुलांची जात्याच आलेली विद्या प्रथमच अभ्यासक्रमाच्या उपयोगी पडते.

शिबिराची मोजदाद अहवालात खड्डे आणि गोण्यांनी होते. ती पुरी म्हणता येत नाही, कारण अर्ध्याअधिक मुलींसाठी हे घराबाहेरचे पहिले सात दिवस असतात. लग्नाला मामाच्या गावी जाणे वेगळे. संमतिपत्रावर वडिलांची सही लागते. ती मिळवायला एखादीला महिना लागतो, आणि मॅडमने फोन करूनही काही नावे गळतात. ज्या येतात त्यांच्यापैकी दोघीतिघींचे वडील किंवा भाऊ दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी मोटारसायकलवर हजर होतात. ‘इकडूनच चाललो होतो’ असे सांगतात. कुणी त्यांना त्या वाटेला दुसरे गावच नाही हे सुनावत नाही. पिठले-भाकरी वाढली जाते, ते पंगतीत बसतात, लेकीला माइकवर सूत्रसंचालन करताना पाहतात आणि अंधार पडल्यावर निघतात. त्यानंतर बहुतेक पुन्हा येत नाहीत. त्या एका फेरीत घरात काय ठरते हे कुठल्या तक्त्यात बसत नाही, पण पदवीनंतर पुढच्या शिक्षणाला परभणीला किंवा नांदेडला खोली घेऊन राहण्याची परवानगी मागणाऱ्या मुलीला ‘तेव्हा सात दिवस राहिलीच होती की’ हे वाक्य फार उपयोगी पडते.

स्वयंपाक गट पाळीपाळीने करतात. पहिल्या दिवशीच्या भाकरी पाहून गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या न बोलावता येतात, परात ओढून घेतात आणि ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी किती लागते ते हाताने दाखवतात. शेतात ज्वारीचे दाणे भरले असतील तर कुणीतरी हुरड्याला नेते. रात्री सांस्कृतिक कार्यक्रम; भारूड, पोवाडा, दारूबंदीवरचे पथनाट्य. पथनाट्यात झिंगलेल्या नवऱ्याचे सोंग निघते तेव्हा सर्वांत मोठ्याने हसणारा प्रेक्षक बहुधा स्वतः घेऊन आलेला असतो. या रात्रींमधून पुढे विद्यापीठाच्या ‘ज्ञानतीर्थ’ युवक महोत्सवासाठी गडी निवडले जातात. तिथे एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नक्कल, मृदमूर्ती असे प्रकार असतात. लातूर-नांदेडची मोठी महाविद्यालये दिग्दर्शक लावून येतात. लहान महाविद्यालयांचा भर लोककलांवर, कारण पोवाड्याला आणि गोंधळाला घरचाच गुरू सापडतो.

फेब्रुवारीत सुरुवातीलाच परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेत त्याचे नाव नसते, पण हजेरीपटावर तो स्पष्ट दिसतो. १९ला शिवजयंती, २७ला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. या दिवशी ग्रंथदिंडी निघते आणि भित्तिपत्रकाचे प्रकाशन होते. भित्तिपत्रक ही मराठवाड्यातल्या महाविद्यालयांची एक जपलेली गोष्ट आहे: पांढरे ड्रॉइंग पेपर, स्केचपेनची किनार, सुवाच्य अक्षर असलेल्या दोन मुली आणि एक संपादक. प्रकाशन म्हणजे त्यावरची रिबीन सोडणे. ते महिनाभर टांगलेले राहते आणि त्यातल्या कविता आईवर, पावसावर आणि बापाच्या शेतीवर असतात. तिसऱ्या प्रकारच्या कवितेला परभणीत मोठा वारसा आहे. इंद्रजित भालेराव इथेच प्राध्यापक होते आणि त्यांच्या काव्यवाचनाला मुले एसटी चुकवून थांबत. त्याआधीचे बी. रघुनाथ मात्र अशा प्रांगणात कधी शोभले नसते. सातोन्याचा हा माणूस बांधकाम खात्यात कारकुनी करत लिहीत राहिला आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी, चाळिशीतच, कचेरीतच गेला. सत्कार, शाल, नारळ हे सगळे नंतरचे. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे आणि विद्यार्थ्यांच्या कितीतरी स्पर्धा त्यात होतात. स्पर्धकांना त्यांची एखादी कादंबरी बक्षीस म्हणून द्यायला हरकत नाही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. १९२८ साली त्या तारखेला रामन परिणाम जाहीर झाला. व्याख्यान होते, पोस्टर लागतात, पण पाहण्यासारखी असते ती विज्ञान रांगोळी. व्हरांड्याच्या फरशीवर चार फुटांचे मानवी हृदय, डीएनएची शिडी, पेशीचे केंद्रक गुलालाने भरलेले. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा ती अधिक बरोबर असते, कारण काढणारीला प्रत्येक रक्तवाहिनी चिमटीतून सोडावी लागते. परीक्षक फिरेपर्यंत त्या भागातून कुणाला जाऊ देत नाहीत, प्राचार्यांनाही.

त्याच सुमारास स्नेहसंमेलन, म्हणजे बोलण्यात ‘गॅदरिंग’. आनंदनगरीत मुले भजी, पाणीपुरी, मठ्ठा विकतात. नफा-तोटा काढण्याची जबाबदारी वाणिज्य शाखेची आणि तोटा करण्याची सर्वांची. पारंपरिक वेशभूषेच्या दिवशी फेटे भाड्याने येतात. शेलापागोटे पूर्वी बेधडक असत. आता चिठ्ठ्या आधी प्राध्यापक वाचतात आणि झणझणीत त्या बाजूला काढतात, त्यामुळे उरतात त्या सगळ्या एकाच चवीच्या; इतक्या निवडून टोमणे मारायचे तर न मारलेले बरे.

मार्चमध्ये निरोप समारंभ, गटाचा फोटो, प्रात्यक्षिक परीक्षेचे वेळापत्रक. मग पेटीत फक्त आसनव्यवस्था उरते. उन्हाळ्यात तालुक्याच्या महाविद्यालयांना कुलूप लागते, पण जिल्ह्यातले एक प्रांगण नेमके तेव्हा भरते. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झाले. २०१३पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने आहे. वर्धापनदिनी तिथे खरीप शेतकरी मेळावा असतो. भाषणांचा मंडप मोठा असला तरी गर्दी बियाणे विक्रीच्या खिडकीवर. सोयाबीनचे एमएयूएस, तुरीचे बीडीएन ७११ हवे असते. केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी याच विद्यापीठाची. पंख्याच्या वाऱ्यातला मंडप सोडून बाया-माणसे पहाटेपासून उन्हात रांग धरतात, आणि या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर उपस्थिती अनिवार्य असल्याचे कुणी छापत नाही. रब्बीचा मेळावा १७ सप्टेंबरला असतो, झेंडावंदन झाल्यावर.