पाठवणाऱ्याचा पत्ता



अंतर्देशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायला जागा असते. पत्र पोचलं नाही तर ते कुठे परत न्यायचं, हे पोस्टाला त्यावरून कळतं. लिनक्स सर्व्हरच्या मेलचंही तसंच आहे.

माझे दोन छोटे सर्व्हर आहेत, एक इथे रेडमंडला आणि एक पुण्याला आईबाबांकडे. घरचे फोटो आणि आजोबांच्या वह्यांचे स्कॅन रोज रात्री एकमेकांवर कॉपी होतात. डिस्क बिघडायला लागली की स्मार्टडी रूटला मेल करतो, कॉपी अडली की क्रॉन. रूटची मेल आपल्या पत्त्यावर वळवणं सोपं आहे: एलियासेस फाइलमध्ये एक ओळ, मग न्यूएलियासेस.

पण हे झालं 'कोणाला'. 'कोणाकडून' राहतंच. नव्या मशीनवर तिथे बरेचदा रूट ॲट लोकलहोस्ट असलं काहीतरी असतं. लोकलहोस्ट हे नाव आरएफसी २६०६ ने १९९९ सालीच राखीव ठेवलंय, म्हणजे बाहेरच्या जगात हा पत्ता कोणाचाच नाही. पुढची मेलसेवा पत्र नाकारते किंवा स्पॅममध्ये टाकते, आणि नाकारल्याची चिठ्ठी आपल्यापर्यंत येतच नाही. सर्व्हर गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं आपण समजून बसतो! त्यात फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं.

पोस्टफिक्समध्ये यावर एसएमटीपी जेनेरिक मॅप्स हा चांगला उपाय आहे. मेल बाहेर पडताना लखोट्यावरचा आणि पत्रातला, दोन्ही पत्ते बदलले जातात. घरातली मेल तशीच राहते. डावीकडे रूटचा स्थानिक पत्ता, उजवीकडे स्वतःच्या डोमेनवरचा खरा पत्ता, मग पोस्टमॅप आणि रीलोड. घरगुती कनेक्शनवर पोर्ट २५ बरेचदा बंद असतं, म्हणून मेल ५८७ वरून रिलेकडे द्यावी. शेवटी एक चाचणी मेल पाठवून तिचं रिटर्न-पाथ बघावं.

दोन्ही सर्व्हरना वेगळे पत्ते दिलेत. उन्हाळ्यात इथे दुपारचा दीड वाजतो तेव्हा पुण्यात पहाटेचे दोन. कुठली डिस्क गेली हे मेल न उघडताच कळलं, तर आईबाबांना उगाच उठवावं लागत नाही.

शिवाय दर रविवारी दोघांकडून एकेक खुशालीची मेल येते. ती आली नाही, की मी चौकशीला लागतो.

कळावे, लोभ असावा.